रविवारचं न्हाणं

मगदुमांच्या घरात रविवार हा नुसता वार नव्हता, राजमतीच्या न्हाण्याचा दिवस होता. त्या दिवशी तिचे यजमान तात्यासो मगदूम गुळाची अडत बंद ठेवायचे. दर चढो नाहीतर पडो, गुळाच्या गाड्या दारात उभ्या राहोत, रविवार तो रविवार. उजाडायच्या आत उठून ते स्वतः बंब पेटवायचे. घरात गडीमाणसं काय थोडी होती? पण बंबात शेणी घालायच्या त्या त्यांनीच, शिकेकाई-रिठा उकळायचा तो त्यांनीच, आणि त्यात गवला-कचोरा किती टाकायचा हे तर त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. शाहूपुरीच्या त्या बोळात एरवी गुळाचा वास भरलेला असायचा. रविवारी तेवढा मगदुमांच्या परसातनं शिकेकाईचा वास यायचा.

त्यांची लेक प्रभावती लग्न होऊन इचलकरंजीला गेली, मागांच्या खडखडाटात नांदली, दोन लेकरांची आई झाली. तरी कुणाच्या न्हाणीघरातनं तो वास आला की तिचं पाऊल अडायचं. डोळ्यांपुढं परसातला कट्टा यायचा. कट्ट्यावर पाट, पाटावर अव्वा, तिची आई, आणि अव्वाच्या मागं पाटावरनं खाली उतरून फरशीवर पसरलेले ते केस. बाई बाई, काय केस होते! तात्यासो मागं मांडी घालून बसायचे आणि चंदनाची फणी टोकाकडनं वर वर न्यायचे. गुंता लागला तर ओढायचे नाहीत, बोटांनी सोडवत बसायचे. तुटलाच एखादा केस, तर उचलून बोटाभोवती गुंडाळायचे आणि पितळी डब्यात ठेवायचे. तो डबा तिजोरीत असायचा. मगदुमांच्या तिजोरीत काय काय दडलंय यावर बाजारात पैजा लागायच्या. त्यात बायकोचं गुंतवळ आहे असं कुणी सांगितलं असतं, तर लोक पोट धरधरून हसले असते.

शेजारची बाळाबाई गच्चीवरनं बघायची आणि उसासे टाकायची. "आमचं धनी डोस्क्यावरनं कवा हात फिरवत्याल तर शप्पत! आन् ही बघा, म्हाराणीगत बसलीया." बोळातल्या सगळ्या बायांनी आपापल्या नवऱ्याला तात्यासोंच्या नावानं टोमणे मारून झाले होते. नवरा असावा तर असा, हे त्या बोळात ठरूनच गेलं होतं.

प्रभालाही तसंच वाटायचं. पोरवयात एकदा ती कट्ट्यामागनं हळूच गेली आणि त्या ओल्या केसांवर हात ठेवून उभी राहिली. हाताला गूळ होता, चिकट. तात्यासोंनी फणीनं तिच्या बोटांवर असा रट्टा दिला, की बोटं लालबुंद झाली. "लांब हो! हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाले, तेही आवाज न चढवता, आणि तेवढी बट पुन्हा धुतली. प्रभानं भोकाड पसरलं. अव्वानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

त्या दिवशी पोरीच्या मनात जी अढी बसली ती बसलीच. अव्वा तात्यांची, आपली नव्हे. गालगुंडं झाली, ताप चढला, रात्री भ्यायला झालं, की ती माजघरातनं "अव्वा, अव्वा" म्हणून हाका मारायची. अव्वा कधी म्हणजे कधी उठून आली नाही. यायची ती घरकामाची चिमणाबाई, डोळे चोळत, जांभया देत. चिमणाबाईच्या लुगड्याला राखुंडीचा वास यायचा. प्रभा त्या वासात तोंड खुपसून झोपायची आणि आईवरचा राग घेऊनच सकाळी उठायची.

आता एवढं सांगितल्यावर कळेल, की त्र्याऐंशी सालच्या चातुर्मासातल्या त्या रविवारी रिक्षातनं उतरून प्रभा परसात गेली आणि बंब गार दिसला, तेव्हा ती जागीच का थबकली. बंबात राखसुद्धा नव्हती. कुणीतरी खरवडून नेली होती.

"आलीस? बरं झालं," वर्धमान मागनं म्हणाला. थोरला भाऊ, अडतीवर बसून बसून पोट सुटलेलं. चेहरा मात्र आज उतरला होता. "दुपारी देवळातनं उपाध्ये येणार हाईत. त्याच्या आत तिला समजाव. आमचं कुणाचं ऐकत न्हाई."

"पण झालंय काय, दादा? निरोपात नुसतं ये म्हणालास."

"अव्वाला दीक्षा घ्यायचीया. क्षुल्लिका व्हनार म्हणं. पांढरं वस्त्र, एकभुक्त, आन्..." त्यानं डोक्यावरनं हात फिरवला. पुढचं त्याच्या तोंडातनं निघेना.

निघायची गरजही नव्हती. जैनाच्या घरात वाढलेल्या पोरीला ते सांगावं लागतं होय? दीक्षा म्हणजे केशलोच. डोक्यावरचे केस हातानं उपटून काढायचे. कात्री नाही, वस्तरा नाही. प्रभानं लहानपणी मंडपात बसून ते बघितलं होतं, आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती.

"तात्या काय म्हणत्यात?"

"तात्या? एक अक्षर बोलत न्हाईत. आज अव्वानं न्हायला नकार दिला, तवापासनं सोप्यात बसून हाईत."

खरं सांगायचं तर यात तात्यासोंचीच एक चूक झाली होती. या माणसानं जन्मभर सगळी दारं राखली. बायकोला सिनेमाला नेली नाही, पन्हाळ्याला नेली तर मोटारीतनं खाली उतरवली नाही. सासू वारली तेव्हा बरोबर गेले, आणि मातीवरनं आल्यावर दुसऱ्या बायांनी तिच्या डोक्यावर पाणी घालू नये, म्हणून न न्हाताच तिला घेऊन परत आले. देवळाचं दार राखायचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चातुर्मासाला देवळात जैन साध्वी, माताजी आल्या, प्रवचनं सुरू झाली. तात्यासो तिला रोज सोडायला जायचे, रोज आणायला जायचे. देवाच्या दारात काय व्हायचंय, असं त्यांना वाटलं. आणि नेमकी तिथनंच वाट फुटली.

प्रभा स्वयंपाकघरात गेली. वहिनी त्रिशला खाली बसून तलम फडक्यातनं राख चाळत होती. पीठ चाळावं तशी चाळत होती.

"भांड्यास्नी व्हय?" प्रभानं विचारलं.

"न्हाई वन्सं." त्रिशलानं वर बघितलं नाही. "अव्वांनी सांगितलंय. केस बोटातनं निसटत्यात म्हणं. राख लावली की धरायला येतंय."

"म्हंजे तू सामील हाईस तिला!"

"सामील न्हवं." त्रिशलानं फडकं झटकलं. "लग्न हून आले तवा मीबी म्हणायची, मामंजी किती जीव लावत्यात. मग एकदा अव्वा आजारी हुत्या, डोस्कं दुखत हुतं, म्हणून मी जरा तेल घालून चोळलं. मामंजी आलं. मला काय सुदिक म्हणालं न्हाईत. अव्वांस्नी न्हाणीघरात नेलं आन् भरतापात डोस्क्यावरनं पाणी घातलं. माझं तेल धुऊन काढायला. मी दाराभाईर हुते, वन्सं. आत त्या थडथड कापत हुत्या, ते मला ऐकू येत हुतं."

प्रभाच्या डोळ्यांपुढं एकदम लालासाब मनियार आला.

उचगावचा लालासाब. पाठीवर बांगड्यांची माळ आणि तोंडात मिठासच मिठास. "बहिनाबाई, हात असा सैल सोडा, माज्या हातात हात न्हाईच असं समजा," म्हणायचा, आणि बाईला कळायच्या आत हिरवा चुडा मनगटावर चढलेला असायचा. एका श्रावणात त्यानं अव्वाचा हात हातात घेतलेला, आणि तात्यासो अवचित घरी आले. रागावले नाहीत. लालासाबला पान दिलं, सुपारी दिली, आणि म्हणाले, "आता यिऊ नगासा." बांगड्या मात्र ठेवून घेतल्या. संध्याकाळी साबणाच्या पाण्यात अव्वाचा हात बुडवून त्यांनी स्वतः चुडा भरायला घेतला. आकार लहान होता, हात सरावाचा नव्हता. बांगड्या फुटत होत्या, ते दुसरी घेत होते. अंगठ्याच्या मुळाशी काच घुसली, पाणी लाल झालं. तात्यासो रडत होते. रडत रडत त्यांनी ती काच काढली, फुंकर घातली, पट्टी बांधली आणि उरलेल्या बांगड्या भरल्या. दारातनं बघणारी प्रभा तेव्हा रडली होती ती वडलांसाठी. केवढं प्रेम, असं तिच्या बालमनाला वाटलं होतं. अव्वा रडली होती का, हे आज किती आठवलं तरी तिला आठवेना.

दुपार कलली तशी माणसं सोप्यात जमली. जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची असतात, तेव्हा जे काही ठरायचं ते उन्हं आहेत तोवरच ठरायचं होतं. तात्यासो आरामखुर्चीत बसले होते. शुभ्र धोतर, चट्टेरीपट्टेरी काही नाही, कपाळावर गंध, चेहरा शांत. त्यांची थोरली बहीण, हुपरीची आत्ती, भिंतीला टेकून बसली होती आणि सकाळपासनं डोळ्यांना पदर लावून लावून पदर ओला केला होता. वर्धमान उभा. त्रिशला दाराच्या आड. देवळातले बाळासो उपाध्ये सतरंजीवर बसले. अव्वा पाटावर बसली, त्याच न्हाण्याच्या पाटावर. तिनं तो परसातनं उचलून आणला होता. केसांचा भलामोठा आंबाडा मानेवर होता. पन्नाशी आली तरी त्यात रुपेरी तार शोधून काढावी लागली असती.

उपाध्यांनी पाणी घेतलं, घसा साफ केला. "तात्यासो, माताजींनी एकच इचारलंय. घरधन्याची राजीखुशी हाय का? तुम्ही सभेत हुबं ऱ्हाऊन हो म्हणायचं. तुमच्या हो-बिगर त्या दीक्षा देणार न्हाईत."

"आन् ह्यो न्हाई म्हणला तर?" आत्तीनं विचारलं.

"तर इषय संपला. बाई घरात ऱ्हाणार."

"मग संपला की!" आत्ती सरसावली. "राजमती, अगं, तुला कमी काय हाय? पंचपक्वान्नं सोडून हाताच्या वंजळीत खाणार? लोक काय म्हणतील? लेकानं-सुनेनं घराभाईर काढली म्हणतील."

"तेच म्हणतोय मी," वर्धमान म्हणाला. "बाजारात तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई."

उपाध्ये हसले. "वर्धमान, उलटं हाय. घरात दीक्षा म्हंजे सात पिढ्यांचं पुण्य. मिरवणूक निघंल, हत्ती आणू. जिल्ह्यातनं लोक येत्याल. मगदुमांचं नाव हुईल."

वर्धमान खुर्ची ओढून बसला. "हत्ती म्हंजे, सांगलीसनं आणावा लागंल काय?" त्यानं विचारलं. आत्तीनंही पदर खाली घेतला आणि हुपरीहून कोणकोण येतील ते बोटांवर मोजायला लागली. माणसं अशीच असतात. वारं फिरलं की त्यांची तोंडं फिरतात, आणि त्यांना ते कळतसुद्धा नाही.

प्रभा तेवढी अजून जागच्या जागी होती. तात्यांकडे बघत होती. हा माणूस नाही म्हणणार, असं तिला पक्कं वाटत होतं, आणि त्यानं नाही म्हणावं अशीच तिची इच्छा होती. आता इथं खोटं कशाला बोला? रविवारचा बंब पेटत राहावा, कट्ट्यावर ती दोघं तशीच बसलेली असावीत, इचलकरंजीहून कधीही आलं तरी तो वास दारातच भेटावा. एवढंच तिला हवं होतं.

तात्यासोंनी डोळे उघडले. "माझी हरकत न्हाई," ते म्हणाले.

आत्तीचे हिशेब थांबले. अव्वानं पहिल्यांदा वर बघितलं.

"हरकत न्हाई," तात्यासो हळूच म्हणाले, "पण एक हाय. त्या दिवशी सकाळी तिला मी न्हाऊ घालणार. तेल मी लावणार, वेणी मी घालणार. शालू नेसून नवरीगत मिरवायची. आन् मग जे केस निघत्याल, ते समदं माझ्या मांडीवर. नदीत सोडायचं न्हाईत. एक केस सुदिक न्हाई." त्यांनी मांडीवरचं धोतर सरळ केलं. "ती जाईल, जाऊ दे. केस घरातच ऱ्हातील. ते माझं हाईत."

आत्ती हमसून हमसून रडायला लागली. "बघ गं राजमती, बघ! असा नवरा मिळायला पूर्वपुण्याई लागती!"

उपाध्ये चुळबुळले. "तसं वाहत्या पाण्यात सोडायची रीत हाय, तात्यासो. पण... इचारतो माताजींस्नी. एवढा जीव हाय म्हणल्यावर..."

प्रभाच्याही गालांवरनं पाणी वाहत होतं. ती पुढं झाली, अव्वाच्या समोर गुडघ्यांवर बसली. "अव्वा, अगं, काय मागत्यात ते ऐकलंस न्हवं? केस मागत्यात तुझं. माझ्या नवऱ्याला मी आंबाडा घातलाय का वेणी, हे सुदिक ठाऊक नसतंय. आन् तू असला माणूस सोडून चाललीस! तुला माया म्हणून न्हाईच व्हय गं? आमचीबी कवा केली न्हाईस. मी हाका मारून मारून घसा कोरडा करायची, तू कवा उठून आली न्हाईस!"

बोलली आणि तिचं तिलाच वाटलं, हे आपण कुठनं काढलं. वीस वर्षांपूर्वीचं दुखणं ते, आत दबून राहिलेलं.

अव्वानं लेकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुला हे आजवर तसंच वाटत हुतं व्हय, प्रभा?" ती म्हणाली. "आन् मी समजत हुते, तुला ठावं असंल."

"काय ठावं असंल?"

"ह्ये, तुझं तात्या, माझी वेणी मनगटाला गुंडाळून झोपायचं. लग्नापासनं. दोन येढं मनगटाला, टोक मुठीत. मी कुशीवर वळले तरी जाग यायची. 'कुठं चाललीस?' म्हणायचं. 'पोरगी रडतीया' म्हणलं तर 'चिमणाबाई हाय' म्हणायचं, आन् आणिक एक येढा घालायचं." अव्वाचा आवाज चढलाही नाही, कापलाही नाही. "तू हाका मारायचीस. मी आढ्याकडं बघत पडायची. किती हाका मारल्यास ते समदं मला ऐकू यायचं, बाळ. एकदा ओढून उठले, तर हिसड्यासरशी खाली आपटले. मग न्हाई उठले."

प्रभानं वडलांकडे बघितलं. आता ते म्हणतील, हे खोटं आहे. तात्यासोंनी बायकोकडे बघत एवढंच म्हटलं, "तू गेली असतीस. झोपंत माणसाला कळतंय व्हय, परत येणार का न्हाई ते?" आणि ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की प्रभानं त्यांच्यावरची नजर काढून घेतली.

"टायफॉईड झाला तवा डॉक्टर म्हणला, केस उतरवा, ताप डोस्क्यात गेलाय," अव्वा उपाध्यांकडे वळली. "ह्यांनी डॉक्टर बदलला. ह्या घरातनं भाईर पडायला मला दोनच दारं हुती, बाळासो. एक तिरडीचं. ते तवा जरासं उघडलं आन् लागलं. दुसरं हे, तुमच्या देवळाचं."

उपाध्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. देवमाणूस, पण नियमाचा. "मग हे वैराग्य न्हवं, बाई. ही सुटका झाली. देहाचं ममत्व सोडायला दीक्षा असती, घर सोडायला न्हाई. मला माताजींस्नी सांगावं लागंल."

आता मात्र अव्वाचा चेहरा पडला. दार उघडता उघडता पुन्हा लागत होतं. एका बाजूला नवऱ्याची अट, दुसऱ्या बाजूला उपाध्यांची शंका, आणि मधल्या पाटावर ही. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अंगठ्याच्या मुळाशी तो पांढरा व्रण होता.

"ममत्व सोडायचं म्हणता न्हवं?" ती म्हणाली. "सोडायला आधी आपलं असावं लागतंय. हे डोस्कं माझं कवा हुतं? हात कवा माझा हुता? एक डाव मला माझं म्हणू द्या. मग सोडती. कसं सोडती ते बघाच तुम्ही." तिनं दाराकडं बघितलं. "त्रिशला, आण गं."

त्रिशला राखेची वाटी घेऊन आली. वर्धमाननं तिच्याकडे असं बघितलं, की ही बाई इतकी वर्षं आपल्या घरात राहते हे त्याला आत्ताच कळलं असावं. वाटी पाटाजवळ ठेवून ती सासूच्या पाठीमागं भिंतीसारखी उभी राहिली.

"अहो बाई, मुहूर्त न्हाई, माताजी समोर न्हाईत..." उपाध्ये उठायला लागले.

"मुहूर्ताचं मुहूर्ताला. ह्यो सराव समजा."

अव्वानं आंबाडा सोडला. केस खांद्यावरनं, पाटावरनं, सतरंजीपर्यंत उतरले. मागल्या रविवारचा शिकेकाईचा वास सोप्यात भरला. एक क्षणभर प्रभाला परत परसातला कट्टा दिसला, ऊन दिसलं, बाळाबाईची गच्ची दिसली. मग अव्वानं बोटं राखेत बुडवली, कानशिलाजवळची बट चिमटीत धरली आणि हिसडा मारून उपटली.

आवाज झाला. अगदी बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. आत्तीनं "आई गं!" म्हणून तोंड झाकलं.

अव्वा उठली, खुर्चीपाशी गेली आणि ती बट तात्यासोंच्या तळहातावर ठेवली. "घ्या. तुमचं हाय न्हवं?"

बटेच्या मुळाशी रक्ताचा ठिपका होता. जन्मभर ज्या माणसानं जमिनीवरचा केस वाया जाऊ दिला नाही, त्याच्या हातनं ती बट निसटून खाली पडली. तिला उचलायला तो वाकला नाही. अव्वा पाटावर येऊन बसली आणि दुसरी उपटली. मग तिसरी. डोळ्यांतनं आपसूक पाणी येत होतं, पण ओठ मिटलेले होते. राखेनं बोटं करडी झाली, कानशिलावरनं एक बारीक लाल ओघळ गळ्यापर्यंत आला. प्रत्येक बट ती नवऱ्याच्या पायांशी ठेवत होती.

"थांब," तात्यासो म्हणाले. ते उभे राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज घरभर ऐकू गेला. "थांब म्हणतो ना! नगंत मला केस. संमती हाय माझी. सभेत सांगतो. बाळासो, लिहून घ्या. बास कर, राजमती!"

"संमती दिलीसा, लई उपकार झालं," अव्वा म्हणाली. "पण थांबायचं का न्हाई, ते आता मी बघीन." आणि तिचा हात पुन्हा राखेत गेला.

बाळासो उपाध्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "माझी शंका फिटली, बाई," ते पुटपुटले. वर्धमान भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. तात्यासो मटकन खुर्चीत बसले आणि नुसती मूठ उघडायला-मिटायला लागले. मुठीत काही नव्हतं.

प्रभाला ते बघवेना. ती मागं सरकली आणि सोप्याच्या खांबाला घट्ट धरून बसली. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, अव्वाचं अर्धं डोकं उघडं पडलं होतं, आणि प्रभाला तीच जुनी भीती वाटली, तापातली, अंधारातली. तिच्या तोंडातनं हाक गेली. अठ्ठावीस वर्षांच्या बाईची नव्हे, माजघरातल्या त्या पोरीची.

"अव्वा!"

नवऱ्याच्या ओरडण्यानं न थांबलेला हात थांबला. अव्वानं बोटांतली राख पदराला पुसली. उठली. तात्यासोंनी सवयीनं हात पुढं केला, खुर्चीवरनं, वेणी असायची त्या जागी. हाताला काहीच लागलं नाही. अव्वा त्यांच्यासमोरनं सरळ चालत आली, खांबापाशी बसली आणि लेकीचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं. उरलेले केस प्रभाच्या तोंडावर आले. प्रभानं त्यांना हात लावला. लांब हो, असं कुणी म्हणालं नाही. राखेचा वास येत होता, चिमणाबाईच्या लुगड्याला यायचा तसा, आणि त्याच्याखाली अजून शिकेकाईचा.

"आले बघ, बाळ," अव्वा म्हणाली. "काय हुतंय तुला? सांग."